कागदावर साडेसहाशे किलो

प्रश्न असा आहे: "समुद्रसपाटीला हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतकी दाबते, असं शिकवतात. मग टेबलावरच्या साध्या कागदावर शेकडो किलोंचा भार असायला हवा. तो मी दोन बोटांनी कसा उचलतो? आपण चिरडले का जात नाही? आणि घरात बसलं की वरच्या हवेचं ओझं छपरावर पडतं, मग आतला दाब कमी का होत नाही?"

तिन्ही शंका एकाच गाठीतून निघाल्या आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो. माझं काम दाबमापक यंत्रं तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं. तीस वर्षांत या धंद्यात जेवढ्या चुका पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच याच गाठीच्या होत्या. करणारे सगळे चांगले शिकलेले होते, काही वेळा मी स्वतःच होतो.

आधी कागदाचा हिशेब पुरा करू. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. समुद्रसपाटीचा प्रमाण दाब दर चौरस सेंटिमीटरला १.०३३ किलो वजनाइतका. गुणाकार केला की ६४४ किलो येतात. आकडा खरा आहे, पण हिशेब अर्धाच झाला. कागदाच्या खालच्या अंगालाही हवा आहे आणि ती तेवढ्याच जोराने वर रेटते आहे. वरून ६४४, खालून ६४४. तुमच्या बोटांच्या वाट्याला येतं ते कागदाचं स्वतःचं पाचेक ग्रॅम वजन.

लगेच मनात येतं की कागद तर टेबलाला टेकलेला आहे, खाली हवा कुठून आली? टेकलेला दिसतो एवढंच. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, टेबलाचा पृष्ठभागही बारकाईने पाहिला तर डोंगरदऱ्यांचा. दोघे एकमेकांना मोजक्या ठिकाणीच शिवतात, बाकी सगळीकडे फट असते. हवेच्या रेणूला शिरायला केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी फटसुद्धा ऐसपैस असते.

ती फट खरोखर बंद केली, तर मात्र लपलेलं वजन समोर येतं. काचेवर दाबून बसवायचा रबरी सक्शन कप घ्या. आठ सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. आतली हवा पुरती काढता आली तर तो ओढून काढायला जवळपास ५० किलोंचा जोर लागेल. आणखी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एक पातळ, टाकाऊ लाकडी पट्टी अर्धी टेबलाबाहेर काढून ठेवा. आतल्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्राचं मोठं पान हाताने सपाट करून पसरा. बाहेरचं टोक हळू दाबलं तर पान मुकाट्याने वर येतं. त्याच टोकावर जोरात फटका मारा, पट्टी मोडते आणि पान बहुतेक जागच्या जागी राहतं. हळू उचलताना कडेने हवा आत शिरत राहते, फटक्यात तिला तेवढा वेळ मिळत नाही. पानाखालचा दाब क्षणभर उतरतो आणि वरच्या दाबाला खालून कोणी जोडीदार उरत नाही.

म्हणजे गाठ इथे आहे: आपण दाब आणि बल यांना एकच समजतो. बलाला दिशा असते, दाबाला नसते. "हवा वरून खाली दाबते" हे वाक्यच मुळात घोटाळ्याचं. हवेचा दाब एखाद्या ठिकाणी असतो, एवढंच म्हणता येतं. तिथे पृष्ठभाग नेऊन धरला की त्या पृष्ठभागावर काटकोनात बल पडतं. आडवा धरलात तर वरून खाली आणि खालून वर, उभा धरलात तर डावीउजवीकडून. पृष्ठभाग काढून घेतला की बलही गेलं, दाब मात्र आहे तिथेच आहे. आणि कुठलीही वस्तू हलते, वाकते किंवा फुटते, ती दोन अंगांच्या दाबांतल्या फरकामुळे.

आता घराच्या छपराकडे येऊ, कारण तिन्ही शंकांमध्ये मला ही सर्वांत आवडली. दाबाची व्याख्या पुस्तकात "डोक्यावरच्या हवेच्या खांबाचं वजन" अशी करतात. ती चूक नाही. पृथ्वीवरच्या सगळ्या हवेचं वस्तुमान सुमारे ५१.५ कोटी कोटी टन. ते पृथ्वीच्या पृष्ठभागावर सारखं वाटलं तर दर चौरस मीटरला साधारण दहा टन येतात. पण ही व्याख्या शब्दशः घेतली की तुमच्यासारखीच अडचण होते: माझ्या डोक्यावर खांब कुठे आहे, छतापर्यंत जेमतेम एक-दीड मीटर हवा आहे!

पाण्यातला मासा डोळ्यांसमोर आणा. तो उघड्या पाण्यातून खडकाच्या कपारीत शिरला, तर त्याच्यावरचा दाब कमी होतो का? डोक्यावर आता पाणी नाही, खडक आहे. तरी दाब तोच राहतो, कारण कपारीतलं पाणी बाहेरच्या पाण्याला जोडलेलं आहे. आत दाब जरासा कमी असता तर बाहेरचं पाणी आत घुसलं असतं आणि दाब सारखा होईपर्यंत घुसतच राहिलं असतं. तुमच्या खोलीचंही तेच. दाराखालची फट, खिडकीची चीर, एवढी वाट हवेला पुरते. आणि छपराच्या डोक्यावर दर चौरस मीटरला दहा टन असले, तरी आतून त्याला तेवढ्याच जोराने वर रेटणारी हवा आहे, म्हणून ते उभं आहे.

पण समजा, खोली खरोखर हवाबंद केली. डब्याला झाकण लावतात तशी. मग वरच्या खांबाशी काही संबंधच उरला नाही. आता दाब शून्य व्हायला हवा? होत नाही. एक लिटरच्या बाटलीतली हवा जेमतेम सव्वा ग्रॅम भरते. बूच घट्ट लावलं तरी ती सव्वा ग्रॅम हवा बाटलीच्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोचाच जोर लावत असते. इथे "वजन" ही कल्पना हात टेकते.

इथे रेणूंकडे पाहावं लागतं. साध्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सरासरी सेकंदाला सुमारे ४७० मीटर वेगाने धावतो, म्हणजे आवाजाहूनही वेगात. एक रेणू भिंतीवर आपटून परततो तेव्हा भिंतीला नगण्य धक्का बसतो. पण एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला असे जे धक्के बसतात, त्यांची संख्या ३ वर २३ शून्यं इतकी आहे. त्यामुळे टपटप अशी जाणवत नाही, सलग रेटा जाणवतो. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचे थेंब इतके दाट झाले की थेंब वेगळे ऐकूच येऊ नयेत, तसं. दानिएल बर्नुलीने १७३८ मध्ये दाबाचं स्पष्टीकरण याच धर्तीवर मांडलं होतं. लोकांच्या गळी ते उतरायला पुढे शंभरावर वर्षं लागली.

मग खांबाचं वजन खरं की रेणूंचा मारा खरा? दोन्ही, आणि त्यांचा मेळ कसा बसतो हे एकदा नीट कळलं की पुढे अडत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६० साली हवेची तुलना लोकरीच्या ढिगाशी केली होती. ढिगाच्या तळाची लोकर वरच्या लोकरीच्या भाराने दबलेली असते. जितका भार, तितकी दबलेली, आणि तितक्याच जोराने ती परत उसळू पाहते. तळाची हवा अशीच वरच्या हवेने दाबून दाट केलेली आहे. ती नेमकी इतकी दाट होते, की तिच्या रेणूंचा मारा वरचं ओझं पेलायला पुरावा. कमी पडला तर वरची हवा आणखी खाली बसेल, जास्त झाला तर खालची हवा फुगून वरचीला उचलेल. वजन हे कारण, मारा हा त्या कारणाने ठरलेला परिणाम. बाटलीला बूच लावलं की कारण तुटतं, पण आतली हवा दबलेलीच राहते. किती दाबली गेली होती, हे ती जपून ठेवते म्हणा हवं तर.

याची खूण घाटात सहज दिसते. उंचावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि खाली उतरा. बाटली चेपलेली मिळते. खालून वर नेलेलं सीलबंद पाकीट उलट टम्म फुगतं.

बंद खोलीबद्दल आणखी एक गंमत. खोली खरंच हवाबंद असती आणि हवा ३० अंशांनी तापली असती, तर दाब दहा टक्क्यांनी वाढला असता. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण म्हणजे दर चौरस मीटरला एक टनाचा बाहेरच्या बाजूने रेटा! खिडक्यांची काच जागेवर राहिली नसती. आपल्या खोल्या गळक्या आहेत म्हणून त्या उन्हाळ्यात टिकतात.

हवेला वजन आहे हे कळायला माणसाला जो उशीर झाला, त्याला कारण ठरला एक शब्द: ओढणं. पंप पाणी ओढतो, निसर्गाला पोकळी आवडत नाही म्हणून पाणी वर धावतं, असं शतकानुशतकं मानलं जाई. अडचण अशी होती की पंप पाणी ठरावीक उंचीपलीकडे काही केल्या चढवेना. गॅलिलिओलाही ही मर्यादा माहीत होती. त्याने तिचा संबंध पाण्याच्या स्तंभाच्या ताकदीशी लावला, जणू फार लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा. त्याच्या सहवासात राहिलेल्या एव्हांजेलिस्टा टॉरिचेलीने विचार उलटा केला. पाणी वरून ओढलं जातच नसेल तर? बाहेरची हवाच ते खालून ढकलत असेल तर? मग पाण्याहून १३.६ पट जड असलेला पारा तितक्याच पट कमी चढला पाहिजे. १६४३-४४ च्या सुमारास तसंच आढळलं. पाण्याचे १०.३ मीटर, पाऱ्याचे ७६ सेंटिमीटर. जून १६४४ मधल्या एका पत्रात टॉरिचेलीने लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतो आहोत.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कालने त्यावर खरी कसोटी लावली. हवेचा समुद्र असेल तर डोंगरावर चढल्यावर तो उथळ झाला पाहिजे. त्याच्या बहिणीचे यजमान फ्लोरँ पेरिए यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्यूई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली उतरला. मला या प्रयोगात सर्वांत आवडते ती त्यांची खबरदारी. दुसरी तशीच नळी पायथ्याला ठेवून दिवसभर एका माणसाला तिच्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं, आणि तिथला पारा हलला नाही. म्हणजे फरक उंचीचाच, हवामान बदलल्याचा नाही. आजही आमच्याकडे यंत्र तपासताना बाजूला एक संदर्भयंत्र ठेवतात, त्यामागे हीच अक्कल आहे.

जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गच्या अर्धगोलांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिथले महापौर ओटो फॉन गेरिके यांनी १६५० च्या दशकात तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले, तरी अर्धगोल सहजी सुटेनात. साधारण अर्ध्या मीटर व्यासाला हिशेबाने दोन टनांचा जोर येतो. एका बाजूचे आठ घोडे सोडून तिथे भक्कम खांब ठेवला असता तरी फरक पडला नसता, कारण दोर एका टोकाला जेवढा ताणला जातो तेवढाच दुसऱ्या टोकाला. पण सोळा घोडे म्हटल्यावर बघायला गर्दी होते, हे महापौरांना कळत असणार.

"ओढणं" हा शब्द मात्र अजून गेलेला नाही. स्ट्रॉने पेय ओढतो म्हणतो. प्रत्यक्षात आपण फक्त तोंडातला दाब उतरवतो; ग्लासातल्या पेयावर टेकलेली बाहेरची हवा त्याला नळीतून वर ढकलते. ग्लासाचं तोंड हवाबंद करून फक्त स्ट्रॉ बाहेर ठेवा आणि चोखून पाहा. दोन-तीन घोटांनंतर गाल दुखतील, पेय येणार नाही. विहिरीच्या काठावर बसवलेल्या पंपालाही म्हणूनच १०.३ मीटरची लक्ष्मणरेषा आहे. गळती, घर्षण आणि पाण्याची वाफ धरली तर प्रत्यक्षात सात-आठ मीटर. त्याहून खोल पाणी असेल तर पंप पाण्यात बुडवून खालून ढकलावं लागतं. मोटर कितीही अश्वशक्तीची घ्या, काठावर बसून ती हवेचा दाब वाढवू शकत नाही.

इथे जाणकार हमखास विचारतात, मग शंभर मीटरहून उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं पोहोचतं? तिथे पाणी खरोखरच ओढलं जातं. झाडाच्या बारीक नलिकांमध्ये पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, आणि पानांतून बाष्प उडालं की सबंध धागा वर ताणला जातो. म्हणजे द्रव ओढू शकतो. वायूचे रेणू एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे वायूला फक्त ढकलता येतं.

हा फरक पुस्तकी वाटू नये म्हणून एक अनुभव सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात गेज तपासायला गेलो होतो. तिथे पातळ स्टीलची एक उभी टाकी वाफेने धुऊन काढली होती. शेजारी रंगकाम चाललं होतं म्हणून धूळ आत जाऊ नये या भल्या हेतूने कोणीतरी टाकीच्या व्हेंटवर, म्हणजे हवा ये-जा करायच्या तोंडावर, प्लास्टिकची पिशवी बांधली होती, तीही चांगली दोन वेढे देऊन. धुणं झाल्यावर मॅनहोल बंद केलं आणि बाहेरून गार पाण्याचा फवारा सोडला. आधी पत्र्याचा एकच ठणका ऐकू आला. मग वरच्या बाजूला एक खळगा पडला आणि बघता बघता टाकी कंबरेत चेपली. कोणी हात लावला नव्हता.

जमलेल्यांपैकी एक अनुभवी माणूस म्हणाला, "व्हॅक्यूमने आत खेचली." मीही तेव्हा मान डोलावली. पण खेचायला आत होतं काय? धुताना वाफेने टाकीतली बरीच हवा हुसकावून लावली होती. एक लिटर पाण्याची उकळबिंदूवर सुमारे १७०० लिटर वाफ होते, आणि गार झाली की ती पुन्हा तेवढ्याच लिटरभर पाण्यात मावते. आतल्या रेणूंचा मारा ओसरला. बाहेरचा मात्र आधी होता तितकाच राहिला. टाकी तयार झाली त्या दिवसापासून बाहेरची हवा तिला असंच रेटत होती, आतून तेवढाच जोर होता म्हणून कोणाला कळलं नव्हतं. अशा टाक्यांना फार मोठा फरक लागतही नाही. समजा टाकीचं छत तीन मीटर व्यासाचं आहे. आतबाहेरच्या दाबात नुसता एक टक्का फरक पडला तरी त्या छतावर सातशेहून जास्त किलो येतात. व्हेंट हा आमच्या धंद्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग असतो.

याच्याशीच जुळलेला दुसरा घोळ म्हणजे गेजवरचा शून्य. गाडीच्या चाकातली हवा गेली की गेज शून्य दाखवतं. चाकात दाब नाही असं नव्हे. आतबाहेर सारखा दाब आहे, एवढंच त्याचं म्हणणं. साधं गेज नेहमी भोवतालच्या हवेशी तुलना करून बोलतं. खऱ्या शून्यापासून मोजायचं तर निरपेक्ष दाब दाखवणारं वेगळं यंत्र लागतं. एकदा एका गिऱ्हाइकाने उणे दोन बारपर्यंत (बार हे दाबाचं एक माप) निर्वात करणारा पंप मागितला होता, आणि पैसे कितीही पडोत म्हणाला. मिळणार कुठून? समुद्रसपाटीला हवाच एक बारपेक्षा किंचित जास्त आहे. ती सगळी काढली की खाली उतरायला पायरीच उरत नाही. उंच डोंगरावर तर उणे एकही गाठता येत नाही, कारण काढायला तेवढा दाबच नसतो.

आता आपण चिरडले का जात नाही ते. प्रौढ माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणून "आपल्यावर सतरा-अठरा टन ओझं असतं" असं वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळतं. मला ते वाक्य आवडत नाही. छातीवरचं आणि पाठीवरचं बल एकमेकांविरुद्ध असताना त्यांची बेरीज करून काय मिळवायचं? शरीर बहुतांशी पाण्याचं आहे, आणि पाणी सहजासहजी दबत नाही. फुप्फुसं, कान, नाकाशेजारच्या पोकळ्या अशा ज्या जागांत हवा आहे, त्या बाहेरच्या हवेला जोडलेल्या आहेत. आतला दाब बाहेरच्याइतकाच असतो. चिरडायला फरक हवा, तो नाही.

फरक पडला की मात्र कळतं. घाट उतरताना किंवा विमान खाली येताना कानाला दडे बसतात, कारण मधल्या कानाला घशाशी जोडणारी नळी वेळेवर उघडत नाही. आवंढा गिळला की ती उघडते आणि कान मोकळा होतो. सर्दी झालेल्याला विमानात कान का ठणकतात ते यावरून लक्षात येईल. नळी सुजून बंद असते, आणि पडद्याच्या दोन बाजूंचा हिशेब जुळत नाही.

गंमत म्हणजे, आपल्यावरच्या सगळ्या बलांची दिशा धरून बेरीज केली तर उत्तर खाली येतच नाही, वर येतं. दाब उंचीबरोबर घटतो, दर मीटरला साधारण १२ पास्काल (हे दाबाचं एकक; समुद्रसपाटीचा दाब सुमारे एक लाख पास्काल). म्हणजे डोक्यापेक्षा पायांजवळ तो वीसेक पास्कालने जास्त असतो. या इवल्या फरकामुळे हवा आपल्याला वर उचलते. ७० लिटर आकारमानाच्या शरीराला हे उचलणं सुमारे ८४ ग्रॅमचं पडतं, बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकं. गरम हवेचा फुगा आकाशात जातो तो याच बलावर. आपणही त्याच नियमाखाली आहोत, फक्त आपलं वजन फार आहे.

उंचीवरून आठवलं. साडेपाच किलोमीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर एक-तृतीयांशाच्या आसपास. अकरा किलोमीटरवर उडणाऱ्या विमानाबाहेर तो सुमारे २२६ हेक्टोपास्कल असतो (एक हेक्टोपास्कल म्हणजे शंभर पास्काल; समुद्रसपाटीला सुमारे १०१३). आत ७५० च्या आसपास राखतात, म्हणजे सव्वादोन-अडीच किलोमीटर उंचीच्या डोंगरावर बसल्यासारखं. आतबाहेरचा फरक दर चौरस मीटरला पाच टनांच्या वर जातो. बऱ्याच विमानांची दारं बुचासारखी आतून बसवलेली असतात. उडत्या विमानात तसं दार आत ओढून उघडू म्हटलं तर कित्येक टनांविरुद्ध ओढावं लागेल.

शाळेतल्या दोन प्रयोगांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण दोन्हींची स्पष्टीकरणं अर्धवट सांगतात. पहिला, पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती लावून वर ग्लास पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं, आणि सांगितलं जातं की ऑक्सिजन जळून गेला म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली. नीट पाहा. पाणी भराभर चढतं ते ज्योत विझल्यावर. ऑक्सिजन संपण्याने चढलं असतं तर ज्योत जळत असतानाच सावकाश चढत राहिलं असतं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो, आणि जळालेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो. खरं काम तापमान करतं. ज्योतीने तापलेली हवा ग्लासाखालून बुडबुड्यांनी निसटते, ज्योत विझून उरलेली हवा गार झाली की दाब उतरतो, आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. त्या टाकीचाच हा धाकटा भाऊ.

दुसरा, भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून ग्लास उलटा करायचा. पाणी पडत नाही, कारण हवा पुठ्ठ्याला खालून वर रेटते. ठीक. पण ग्लास अर्धाच भरलेला असला, वर हवा असली, तरी जमतं. त्या आतल्या हवेचा दाबही बाहेरच्याइतकाच, ती पाण्याला खाली रेटत असणार. मग? पुठ्ठा आणि पाणी केसभर खाली सरकतं. आतली हवा एक टक्का फुगली की तिचा दाब एक टक्का उतरतो, आणि हवेच्या दाबाचा एक टक्का म्हणजे १० सेंटिमीटर पाणी. तेवढंच तर पेलायचं होतं. पुठ्ठ्याच्या कडेला पाण्याचा पृष्ठताण फट शिवून धरतो. पुठ्ठा मऊ पडून कडेने एक बुडबुडा आत शिरला की मात्र खेळ खलास. प्रयोग मोरीतच करावा.

हवामानातल्या दाबाबद्दल थोडक्यात. समुद्रसपाटीला आजवर मोजलेला सर्वांत कमी दाब ८७० हेक्टोपास्कल, १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पश्चिम पॅसिफिकमधल्या 'टिप' नावाच्या महावादळाच्या केंद्रात. ऐकायला भयंकर, पण एखाद्या साडेबाराशे मीटर उंचीच्या डोंगरावर रोजच्या रोज साधारण एवढाच दाब असतो आणि तिथे लोक सुखाने राहतात. मारतो तो आकडा नव्हे. डोंगरावरचा कमी दाब उंचीमुळे आहे, त्याला वरच्या हवेच्या वजनाचा तोल आहे. वादळात तेवढाच फरक समुद्राच्या पातळीवर, आडव्या दिशेने, काही शे किलोमीटरांत पडतो. तो हवेला आडवी ढकलतो, आणि तोच वारा. सेकंदाला ५० मीटरच्या वाऱ्याचा थेट रेटा दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भरतो. हवेच्या पूर्ण दाबाचा तो जेमतेम दीड टक्का, आणि तेवढ्यात पत्रे उडतात.

घरी वायुभारमापक किंवा दाब दाखवणारा फोन असेल, तर आकडा पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बातम्यांतला आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तुमचं यंत्र जागेवरचा दाखवत असेल तर समुद्रसपाटीच्या जवळपास दर आठ मीटर उंचीला एक हेक्टोपास्कल कमी दिसणार. यंत्र बिघडलं म्हणून ते माझ्यासारख्याकडे आणू नका. दुसरं, उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतार, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलांचा. दुपारी काटा उतरला म्हणून वादळ येत नसतं. कालच्या दुपारी चारशी आजच्या दुपारी चारची तुलना करा, आणि ती पाच-सात हेक्टोपास्कलांनी खाली दिसली तर मात्र आकाशाकडे बघा.

फोनच हाताशी असेल तर पेरिएचा डोंगर जिन्यातही करता येतो. तळमजल्याला आकडा टिपा, तीन मजले चढा, पुन्हा टिपा. साधारण एक हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल. खाली परत येऊन तिसऱ्यांदा टिपायला विसरू नका; तो पहिल्याशी जुळला नाही, तर मधल्या वेळात हवामानानेच काटा हलवला असं समजा आणि पुन्हा चढा.